आई-बाबा, मला मीटिंग सापडली

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, पण आईचा आवाज ऐकला की पुढचं तोंडातून निघत नाही. म्हणून लिहितोय. बाबा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा तिला तुम्हीच वाचून दाखवा. काही गाळू नका.

आज 61 दिवस झाले, मी दारूला शिवलेलो नाही.

याआधी मी किती वेळा सोडली हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? बाबा, तुम्ही पंढरपूरला नेऊन माझ्या गळ्यात माळ घातलीत. चार महिन्यांनी ती काढून खिशात ठेवली आणि मी बारमध्ये शिरलो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. माळ धुऊन देव्हाऱ्यात ठेवलीत. तुमची ती पाठमोरी आकृती अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

या वेळी मी कुणाला न सांगता एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री हात इतके थरथरायला लागले की तांब्या धरवेना, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या. हिने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रोज पिणाऱ्यानं अशी अचानक तोडली तर फिट येते, जिवावरही बेततं, हे मला तिथं कळलं. आठ दिवस सलाइन आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "अंगातली गेली. आता पुढचं गोळ्यांनी होणार नाही, त्याला माणसं लागतील. ए.ए.ला जा."

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. मला वाटलं कुठेतरी पाटी असेल, ऑफिस असेल. तसं काही दिसेना. त्यांच्या नंबरवर फोन लावला, तर अर्ध्या तासात एका काकांचा उलटा फोन आला. आडनाव, जात, नोकरी काही विचारलं नाही. "प्यायचं थांबवायची इच्छा आहे ना? मग झालं." जवळपासच्या तीन मीटिंग सांगितल्या. एक हिंदी, एक इंग्रजी, आणि एक मराठी, रात्री आठला, एका शाळेच्या वर्गात.

पहिल्या दिवशी मी गेटपर्यंत गेलो. वॉचमनला विचारायची हिंमत होईना. शाळेला दोन फेऱ्या मारून घरी परतलो. दुसऱ्या दिवशी त्याच काकांचा फोन आला, "काल वाट पाहिली. आज मी गेटवरच उभा राहतो, हातात छत्री असेल." आणि खरंच, पाऊस नसताना छत्री घेऊन ते उभे होते.

आत मुलांचे छोटे बाक. गुडघे वर लागतात. फळ्याच्या कोपऱ्यात सकाळचं तसंच राहिलेलं, पट 42, हजर 39. अकरा पुरुष, दोन बायका, थर्मासमध्ये चहा. एकेक जण उठून म्हणत होता, "मी अमुक, मी बेवडा." आपल्या आळीत ज्या शब्दानं तुमची मान खाली गेली, तोच शब्द ही माणसं स्वतःबद्दल शांतपणे उच्चारत होती आणि पुढे खरं खरं सांगत होती. मध्ये कुणी तोडत नाही, कुणी उपदेश करत नाही. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं. बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत.

छत्रीवाल्या काकांनी याची सुरुवात सांगितली. 1935 साली अमेरिकेत अक्रन गावात एक शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. पाय बारकडे ओढत होते, पण त्यानं फोन उचलला आणि आपल्यासारखाच एखादा पिणारा बोलायला मिळेल का, याची चौकशी सुरू केली. त्याला एक सर्जन भेटला. त्या दोघांपासून हे सुरू झालं. बाबा, मीसुद्धा त्या रात्री फोनच उचलला होता.

चौथ्या मीटिंगला मी बोललो. आईच्या भिशीचे पैसे कुणी घेतले होते ते सांगितलं. आई, तुला माहीत होतं ना? मला माफ कर. ते मी दर महिन्याला थोडे थोडे परत पाठवणार आहे, नाही म्हणू नकोस.

आणखी एक. तू माझी दारू सुटावी म्हणून आमटीत पुडी टाकायचीस, ते मी दारातून पाहिलं होतं. पदराआड फाडायचीस. कडवट लागायचं, तरी मी जेवायचो. तुझ्यावर राग नाही गं. पण अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. डॉक्टरांकडची दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळीही पेशंटला सांगूनच देतात, कारण ती पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, उलट्या होतात, क्वचित जीवही जातो. शेजारच्या वहिनींना तू त्या पुडीचा पत्ता दिला होतास. त्यांना आजच जाऊन सांग, गुपचूप देऊ नका म्हणावं.

घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, अल-ॲनॉन. ही जाते. पहिल्या दिवशी तिथून आली आणि खूप रडली. तिला तिथं सांगितलं, हा आजार तू आणला नाहीस, तो तुझ्या आवरण्यातला नाही, बरा करणंही तुझ्या हातात नाही. आई, हे तुलाही कुणीतरी फार आधी सांगायला हवं होतं. उपास, नवस, मुलाला वळण लावता आलं नाही हा लोकांचा ठपका, सगळं तू अंगावर घेतलंस.

दिवाळीला येतोय. तालुक्याच्या गावी मीटिंग कुठे असते ते काका विचारून देणार आहेत. बाबा, घरच्यांना बसता येईल अशी ओपन मीटिंग असली, तर माझ्याबरोबर याल? माळ आहे तिथंच राहू द्या, अजून मागत नाही.

फोन रात्री साडेनऊनंतर करा. आठ ते साडेनऊ मी त्या वर्गात असतो.

तुमचा,
धाकटा