विन्याला, उंदराबद्दल

इंदूर, रविवार रात्र

प्रिय विन्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवले. शिव्या नंतर दे. आईचे गुडघे होते तसेच, माझं बीपी गोळीवर, बाकी ठीक.

विषय अकिताचा उंदीर, तोच, इन्सुलिनचा जीन बिघडलेला, प्रयोगशाळेतला. हसू नकोस.

सोनूच्या मुलीचा, इराचा, रिपोर्ट गुरुवारी आला. तीन महिन्यांची पोर दूध ओढेना, लंगोट मात्र सारखे चिंब, आणि धाप. एका दवाखान्यातून कफ म्हणून घरी पाठवलं. दुसरीकडे साखर निघाली साडेपाचशेच्या वर. सहा महिन्यांच्या आतला डायबिटीस म्हणजे जीन तपासायचाच, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी भिंतीला टेकून चक्क नवस बोललो: देवा, पोटॅशियम चॅनेलचा निघू दे! ती पेशीची इन्सुलिन सोडायची कळ; दोष तिथे निघाला की बहुतेक मुलांचं इंजेक्शन सुटतं, ती कळ दाबणाऱ्या सल्फोनिलयुरियाच्या गोळीवर भागतं. खजरान्याच्या गणपतीला असला नवस आजवर कुणी बोललं नसेल.

निघाला इन्सुलिनचाच जीन. प्रथिनाच्या माळेतला एक मणी, एक सिस्टीन, गेलंय.

2004 चा सेमिनार आठव. खंडवा रोडचा कॅम्पस, बंद पडलेला पंखा, आणि तू ट्रान्सपरन्सीवर काढलेला तो उंदीर, जो घुशीसारखा दिसत होता. इन्सुलिनचे चार जीन, त्यातला एकच बिघडलेला. 96 नंबरच्या सिस्टीनच्या जागी दुसराच मणी, टायरोसीन. तीन धड असूनही उंदीर डायबेटिक. सरांनी विचारलं, तीन का पुरत नाहीत? तू म्हणालास, चार वाढप्यांतला एक पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच फतकल मारून बसला, तर पंगतीला भात कुठून पोचणार? वर्ग हसला. मीच सगळ्यांत जोरात.

मग पोह्यांवर आपलं भांडण. तू म्हणायचास, खराब प्रथिन साचलं की पेशीला तिचा स्वतःचा बंदोबस्तच मारतो; चॉप, म्हणजे मरायचा हुकूम देणारा जीन, काढून टाकला की त्याच उंदराला डायबिटीस उशिरा होतो. मी म्हणायचो, पर्क, म्हणजे नवा माल थांबवणारा ब्रेक, नसलेल्या बाळांना बघ, वोल्कॉट-रॅलिसन नावाचा आजार, 2000 सालीच जीन सापडलाय. ब्रेकच नाही म्हणून डायबिटीस. तीन दिवस अबोला, आणि पोह्यांचे पैसे मीच दिले होते, ते अजून बाकी आहेत. 2014 मध्ये पेशीतल्या याच बंदोबस्ताच्या शोधासाठी मोरी आणि वॉल्टर या शास्त्रज्ञांना लास्कर पारितोषिक मिळालं तेव्हा तुझा मेसेज आला होता, “कोण जिंकलं?” मी उत्तर दिलं नाही. आज देतो: दोघंही बरोबर होतो, आणि त्याचा काही उपयोग नाही.

सोनूच्या सासरी वेगळंच. आबांना साखर होती ना, मग “तुमच्याकडूनच आलं.” मी देवासला जाऊन ओट्यावर कागद पसरले. सोनू आणि जावई दोघांच्या रक्तात हा बदल नाही, तो इरातच नव्याने झालाय, आबांच्या साखरेशी याचा संबंध नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “तरी पण.” या “तरी पण”ला माझ्याकडे औषध नाही.

पण रात्री सोनूने विचारलं, दादा, नीट सांग. आणि मला मास्तरकी सुचली! सांगितलं की प्रथिन घड्या घालूनच कामाचं होतं, इन्सुलिनच्या घडीला सिस्टीनच्या जोड्यांचे तीन टाके लागतात, हिचा एक टाका बसत नाही. चुकलेल्या घड्या साचल्या की पेशीतले तीन पहारेकरी ओरडतात: एक नवा माल थांबवतो, दुसरे दोघे घडी घालणारे मदतनीस वाढवतात, वाया गेलेलं बाहेर काढून मोडायला लावतात. चार दिवसांची अडचण असेल तर पेशी सावरते. पण माल रोजच खराब आला तर तेच पहारेकरी पेशीला संपवायचा हुकूम देतात. आणि एकेक पेशी मिनिटाला सुमारे दहा लाख रेणू बनवते, हेही सांगितलं. का सांगितलं, विचारू नकोस.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “म्हणजे मी हिला पाजते तेव्हा साखर वाढते, पेशींना जास्त माल काढावा लागतो, आणि त्या मरतात. हो ना?”

विन्या, आपल्या बॅचमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चहाचे कप घेऊन येणारी ही पोरगी दाराशी उभी राहून आपलं सगळं ऐकायची, एवढंच.

मी “नाही गं” म्हणालो आणि विषय बदलला. ते खोटं होतं, तिला कळलं. आता जावई सांगतात, पाजताना ती घड्याळाकडे बघते, बाळाला लवकर सोडवते. वजन या आठवड्यात वाढलं नाही. खरं उत्तर सरळ आहे: तो भार उचलायलाच बाहेरून इन्सुलिन देतोय, पोरीला पोटभर दूध हवंच. पण माझ्या तोंडून आता तिला ते समजूत घातल्यासारखं वाटतं.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या शाळेचं काय ठरलं? लिही, या वेळी उत्तर देईन.

आणि सोनूला फोन कर. रात्री साडेनऊनंतर, तेव्हा इंजेक्शन आणि दूध दोन्ही उरकलेलं असतं. तुझ्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, तो का, हे मला कधी कळलं नाही. उंदराचं नाव काढू नकोस. पंगतीचं तर मुळीच नको.

तुझा,
बाळ्या