रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र : जुने स्थानक पाडण्याआधी त्याची नोंद तरी करा

माननीय रेल्वेमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

२२ मे २०२५ रोजी अमृत भारत योजनेतून नव्याने सजलेल्या १०३ स्थानकांचे उद्घाटन झाले. त्यात विदर्भातले मूर्तिजापूर होते. स्थानक सुधारले याचा आनंद आहे. उद्वाहन, नीटनेटके प्रतीक्षालय, पावसात न गळणारे छत यांवर प्रवाशांचा हक्कच आहे. पण याच मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला शकुंतला नावाची छोटी गाडी जायची. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा, आणि १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलेले. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत पोचावा म्हणून टाकलेली ही लाइन आता बंद पडली आहे. तिचे नकाशे, स्थानकांच्या नोंदवह्या, वेळापत्रके आज नेमकी कोणाच्या ताब्यात आहेत, हे आपल्या मंत्रालयाने जाहीर करावे, ही माझी पहिली विनंती.

मोठ्या स्थानकांची मला काळजी वाटत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर ते ठाणे प्रवासाची कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. प्रश्न आहे तो त्यानंतर गावोगाव पोचलेल्या फाट्यांचा, म्हणजे शाखामार्गांचा, आणि उपनगरांतल्या साध्या स्थानकांचा.

बार्शीचेच पाहा. मुंबईहून सोलापूरला जाणारा मुख्य मार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला. ही भरभराटीची पेठ, पण तिचे स्थानक कुठे, तर दूर कुर्डुवाडीला, तेही ‘बार्शी रोड’ नावाने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही उणीव हेरली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आषाढी-कार्तिकीला टपावर बसून पंढरपूर गाठणाऱ्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीने पाहिल्या. नॅरोगेजचे ब्रॉडगेज झाले ते योग्यच झाले. लातूरकरांना मुंबईची थेट गाडी हवीच होती. मात्र रुंदीकरणात मार्ग जिथे वळवला, तिथली जुनी वाट कुठून जात होती, तिथे कोणती स्थानके होती, हे सांगणारी माणसे आता म्हातारी होत चालली आहेत.

मुंबईतही हेच. बीबीसीआयचे (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे) कुलाबा स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले. आज तिथे बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे आजच्या ट्रॉम्बेला, जाणारी एक लाइन १९२८ ते १९३४ अशी जेमतेम सहा वर्षे चालली. पूर्व-पश्चिम उपनगरे जोडण्यासाठी आज आपण मेट्रोवर एवढा खर्च करत असताना, शंभर वर्षांपूर्वी तसाच एक प्रयत्न का झाला आणि का फसला, हा अभ्यासाचा विषय नाही का?

महोदय, कायद्यातली एक बाब आपल्या लक्षात आणून देतो. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार १८९२ पूर्वीचा सरकारी कागद, अगदी वापरण्यापलीकडे खराब झाला असल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. त्यानंतरच्या कागदांना मात्र एवढे भक्कम संरक्षण नाही. ते पंचवीस वर्षांहून जुने असतील तर रीतसर मूल्यमापन करून निकाली काढता येतात. आता तारखा पाहा. बार्शी १८९७, चाळीसगाव-धुळे १९००, नेरळ-माथेरान १९०७, कुर्ला ते रे रोड हा मुंबईच्या हार्बर लाइनचा पहिला टप्पा १९१०, आणि विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५. म्हणजे आपल्या फाट्यांचा आणि लोकलचा बहुतेक इतिहास १८९२ च्या अलीकडचा आहे. त्याचे काय करायचे, हे मूल्यमापन करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. त्याच्या लेखी एखाद्या फाट्यावरचा यार्ड प्लॅन, म्हणजे स्थानकाच्या आवारातल्या रुळांचा नकाशा, रद्दी ठरू शकतो. रेल्वेच्या शाखामार्गांचे नकाशे, गाड्या चालवण्याची अंतर्गत वेळापत्रके, स्थानक उघडल्या-बंद केल्याचे आदेश हे सगळे कायमस्वरूपी जतनाच्या वर्गात टाकावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक स्पष्ट आदेश पुरे.

दुसरे मागणे अगदी लहान आहे. स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. स्थानक कधी उघडले ते मात्र लिहिलेले नसते. त्या उंचीखाली वर्ष लिहायला कितीसा रंग लागेल? रोज त्या फलाटावरून जाणारी मुले निदान विचारतील तरी.

पुनर्विकासाला खीळ बसेल, ही भीती अनाठायी आहे. भायखळ्याची इमारत १८५७ ची. चालू स्थानक, दिवसभर लोकलची गर्दी, तरी तिचे मूळ रूप परत आणता आले. त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला. प्रत्येक ठिकाणी एवढे करा, असा माझा आग्रह नाही. जिथे जुनी इमारत पाडण्यावाचून इलाज नाही, तिथे निविदेतच एक अट घाला : आधी मोजमापे, छायाचित्रे, कोनशिला आणि जुन्या साहित्याची यादी, मगच पाडकाम.

एप्रिल २०२८ मध्ये भारतातल्या प्रवासी रेल्वेला १७५ वर्षे होतील. रोषणाई होईल, टपाल तिकीटही निघेल कदाचित. त्याआधी प्रत्येक विभागाने निवृत्त चालक, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, त्यांच्याच बोलीत. सुरुवात कुर्डुवाडी आणि मूर्तिजापूरपासून करावी आणि ती याच वर्षी करावी, कारण या कामात उशीर झाला तर तो भरून काढता येणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
रेल्वेच्या इतिहासाचा एक अभ्यासक