माळ्यावरचं गिरमिट

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका शासनानेच छापलेल्या समग्र वाङ्मयात आहे. माझं मागणं त्यापुढचं आहे: गुलामांनी स्वतः सांगितलेल्या हकिगती मराठीत आणा, पण त्यांना जखडणाऱ्या कायद्यांसकट.

हॅरिएट जेकब्जचंच बघा. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावी ती मालकाच्या तावडीतून निसटून आजीच्या घरी माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जास्तीत जास्त उंची तीन फूट. अंधारात डोक्याला काही लागलं, चाचपलं तर गिरमिट! त्याने तिने इंचभर लांब, इंचभर रुंद भोक पाडलं आणि त्यातून रस्त्यावर स्वतःची मुलं पाहिली. हाक मात्र मारता येत नव्हती.

हे वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण ती मुलं कायद्याने तिची का नव्हती, हे कळायला १६६२ सालचा व्हर्जिनियाचा कायदा वाचावा लागतो. इंग्लंडात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. इथे तो आईवरून ठरवला. गाय ज्याची, वासरू त्याचं. हाच नियम पुढे दक्षिणेत सगळीकडे चालला. हॅरिएटच्या मुलांचा बाप गोरा वकील, पुढे अमेरिकेच्या संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, सदस्य झाला, आणि त्याला पोटची पोरं विकत घ्यावी लागली! हॅरिएटच्याच नॉर्थ कॅरोलायनात १८२९ साली लिडिया नावाच्या गुलाम बाईवर गोळी झाडणाऱ्याला ज्युरीने दोषी धरलं, तर वरच्या न्यायालयाने सोडलं. न्यायमूर्ती रफिन यांनी लिहिलं की मालकाची सत्ता निरंकुशच हवी.

म्हणून डाव्या पानावर हकिगत, उजव्या पानावर कायदा किंवा निकाल, असं पुस्तक साहित्य संस्कृती मंडळाने काढावं. हॅरिएटचं पुस्तक १८६१ सालचं, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही. १९३६ ते ३८ दरम्यान वृद्ध माजी गुलामांच्या टिपलेल्या २,३०० हून अधिक आठवणीही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही वाचता येतात. एवढंच, की त्या टिपणारे बहुतेक गोरे होते आणि बोलीचं लेखनही त्यांच्याच कानांनी झालंय. अनुवादकाने त्या म्हाताऱ्यांना ‘नाय-हाय’ करायला लावून विनोदी पात्रं करू नये.

कायद्याची भाषा तपासून द्यायला मी विनामोबदला तयार आहे. लिडियाच्या निकालाचा कच्चा अनुवाद सोबत जोडला आहे.

आपला,
एक निवृत्त कोर्ट-अनुवादक