एल्डर, तुझं पहिलं नाव मला अजून माहीत नाही

प्रिय एल्डर,

तुझ्या छातीवरच्या काळ्या पट्टीवर 'एल्डर', आडनाव आणि तुमच्या मॉर्मन चर्चचं नाव, एवढंच होतं; एल्डर ही तुमच्या तरुण धर्मप्रचारकांची पदवी. पत्ता नाही, फोन नाही, म्हणून हे उघडं पत्र. तेही मराठीत, कारण इंग्रजीत लिहायला बसले की विमा कंपनीला अर्ज लिहिल्यासारखं होतं.

२०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती. त्याच रात्री हार्वी वादळ टेक्ससच्या किनाऱ्याला धडकलं आणि रविवारी पहाटे ब्रेज बायू या ओढ्याचं पाणी ह्यूस्टनमधल्या आमच्या बैठ्या घरात शिरलं. कंबरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडताना गणपतीला फ्रिजवर उंच ठेवलं. फ्रिज पाण्यात तरंगतो आणि आडवा होतो, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

परत आलो बुधवारी, गौरीपूजनाच्या दिवशी. घरात गाळ आणि कुबट वास. घराच्या विम्यात पूर येत नाही, त्याचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो आम्ही घेतलेला नव्हता. मी ओट्याला टेकून नुसती उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं दारात. पिवळे टीशर्ट, हातात पहारी. खरं सांगते, मनात आलं, आता हे आपलं धर्मपुस्तक काढणार. जूनमध्ये तुमच्यातलेच दोघे पांढरा शर्ट, टाय लावून आले होते तेव्हा मी जाळीचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. तुला हे सांगितलं तर तू म्हणालास, "बहुतेक जण तसंच करतात," आणि थेट बैठकीतला गालिचा गुंडाळायला लागलास.

भिंती कशा फोडायच्या ते तुम्हीच शिकवलंत. ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या पत्र्यांची भिंत, भिजली की चहात बुडवलेल्या पावासारखी होते, आतला गुलाबी कापूस पाणी पिऊन बसतो, दोन दिवसांत बुरशी धरते. पत्रा चार फूट रुंद, म्हणून चार फुटांवर रेघ मारून तिथंच कापायचं, म्हणजे नवा पत्रा नेमका बसतो. ती रेघ मारायचं काम तू माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दिलंस. घर बुडाल्यापासून तो बोलत नव्हता. त्या दिवशी टेप घेऊन खोलीखोलीतून ओरडत हिंडला. तुझा जोडीदार अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यातला, शिस्तीचा. फोटो काढल्याशिवाय काही बाहेर टाकू देईना, भरपाईवाले विचारतील म्हणून.

आणि स्वयंपाकघरात तू थांबलास. सगळं ढकलगाड्यात भरत होतास, पण आडव्या फ्रिजमागं मातीचा एक ढीग होता, त्यात एक नारळ आणि जानव्याचा दोरा. तू फावडं खाली ठेवलंस आणि मला हाक मारलीस, "हे टाकायचं नाही ना?" शाडूची मूर्ती. सोंडेचा वेढा तेवढा शाबूत होता. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याआधी गेला की गं." मग तू ती माती हातांनी बादलीत भरलीस, सगळी, फरशीच्या फटीतलीसुद्धा. मागच्या अंगणातल्या क्रेप मर्टलच्या झाडाच्या बुंध्याशी त्यांनी ती ओतली. तू टोपी काढून बाजूला उभा होतास.

त्यानंतर सासूबाईंनी तुला सोडलं नाही. एल्डर म्हणजे वडीलधारा, हे मी सांगितलं तर म्हणाल्या, "मिसरूड फुटलं नाही अजून, कसला वडीलधारा!" थर्मासमधला चहा तू नाकारलास तेव्हा मात्र त्या दुखावल्या. तुमच्यात चहा-कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे, हे समजावल्यावर म्हणाल्या, "माळ घातलीय म्हण की." शनिवारी त्यांची एकादशी होती, रविवारी तुझा उपास, महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. "साबुदाणा चालतो का विचार," हा त्यांचा प्रश्न मी तुला जसाच्या तसा विचारला होता.

शेवटच्या दिवशी मीच म्हटलं, आता सांग तुझं पुस्तक. रंगाच्या उलट्या डब्यावर बसून तू तुमच्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याला मिळालेले सोनेरी पत्रे, त्यावरून १८३० साली छापलेलं 'बुक ऑफ मॉर्मन', सगळं सांगितलंस. मी म्हटलं, मला हे पटत नाही. तू म्हणालास, "ऐकलंत तरी." आठवडाभर घरात वावरून तू तोवर एक शब्द काढला नव्हतास, आणि विचारल्यावर काही लपवलंही नाहीस. मला तुझ्या धर्मापेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

तुझी आई प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर, आणि दोन वर्षांत तिच्याशी फोनवर बोलायचं ते फक्त नाताळला आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याला एक ईमेल. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. २०१९ च्या फेब्रुवारीत तुमच्या चर्चनं नियम बदलला, आता दर आठवड्याला बोलता येतं. मी मुद्दाम साताऱ्याला फोन करून त्यांना कळवलं. "त्याला काय उपयोग, तो बिचारा तेव्हाच अडकला होता," म्हणाल्या.

अजून दर गणपतीत विचारतात, तो पोरगा आईला भेटला का. मी म्हणते, भेटला. खात्री तुझ्याकडून करून घ्यायची राहिली आहे.

तुझी,
ह्यूस्टनची मावशी