पकड, फासे आणि नवी पोथी

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘डी अँड डीची नवी पोथी घ्यायची की नाही, एका ओळीत सांग,’ असे तू मागे फोनवर विचारलेस आणि मी विषय बदलला. मला टाळायचे नव्हते, पण एका ओळीत मावेल असे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते. आता चार महिने दर रविवारी आमच्या माडीवर डी अँड डीचा (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे आपापले पात्र घेऊन फाशांवर खेळायचा) खेळ नव्या नियमांनी चालला आहे, भांडणे करून झाली आहेत, एकाने पुस्तक आपटूनही झाले आहे. तेव्हा आता सविस्तर लिहितो. तू बंगळूरला गेलास तरी या टेबलावर तुझी खुर्ची अजून तशीच आहे, आणि तुझ्या बुटक्याचे, म्हणजे खेळातल्या तुझ्या पात्राचे, काय करायचे हा प्रश्नही या पत्राच्या पोटात आहे.

आधी थोडक्यात काय झाले ते. आपण ज्या पोथीवर, म्हणजे नियमांच्या पुस्तकावर, खेळायला शिकलो ती पाचवी आवृत्ती २०१४ची. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ प्रथम छापला त्याला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंचे नवे पुस्तक आले. नोव्हेंबरमध्ये वस्तादाचे, म्हणजे माझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्याचे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राक्षसांचे. खेळ छापणारी कंपनी हिला सहावी आवृत्ती म्हणायला तयार नाही. तिच्या मते ही पाचवीच, फक्त नव्याने नीट केलेली, आणि जुनी साहसे हिच्यासोबत खेळता येतील. आपले बँकवाले काका यावर एवढेच म्हणाले, ‘दोन हजार साली मी तिसरी घेतली, तीन वर्षांत साडेतीन आली. तेव्हाही असंच सांगितलं होतं.’ त्यांच्या कपाटात दोन्ही संच शेजारी शेजारी उभे आहेत आणि एकावरची धूळ दुसऱ्यावर उडते. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीचे नाव काढले की ते नुसते चहा मागवतात.

आपल्या टेबलावरच्या वकिलाची तक्रार वेगळी आहे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने इतरांना हे नियम वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला होता, जगभरच्या खेळाडूंनी एवढा गिल्ला केला की महिना संपायच्या आत तिला माघार घेऊन मूळ नियमांचा मसुदा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा करावा लागला, हे तुला आठवत असेलच. वकील म्हणतो की त्या वेळी मोडलेला विश्वास आहे तसाच मोडलेला आहे, आणि नवी पोथी तो स्वतः विकत घेणार नाही. माझी मात्र दर रविवारी मागून नेतो. तुझ्या उपयोगाची गोष्ट एवढीच की नव्या नियमांचा मसुदाही एप्रिल २०२५ पासून तसाच मोफत मिळतो. त्यात प्रत्येक वर्गाची एकच उपशाखा आहे, पण गाभ्याचे नियम सगळे आहेत. पैसे घालण्यापूर्वी तो वाचून काढ.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि कोल्हापूरच्या माणसाचा मुख्य मुद्दा कुस्ती सोडून दुसरा काय असणार.

तुला तो पुलावरचा ओगर, तो धिप्पाड राक्षस, आठवतो. बुटक्याच्या एका हातात हातोडा होता, दुसरा हात रिकामा होता, आणि तू उभा राहून म्हणालास, ‘वस्ताद, मी धरतो ह्याला.’ जुन्या नियमाप्रमाणे तुझा वीस बाजूंचा फासा आणि माझा तसाच फासा, दोन्ही एकदम टेबलावर, आणि पडलेल्या आकड्यात आपापले कसब मिळवायचे. तुझे ॲथलेटिक्स अधिक सात, ओगरचे नुसते ताकदीचे अधिक चार. मला चौदा पडले, झाले अठरा. तुला बारा पडले, झाले एकोणीस. एका गुणाने तू त्याला धरलेस आणि पुढच्याच झटक्यात आडवा पाडलेस. धरलेल्याची चाल शून्य, चाल शून्य असली की उठता येत नाही, म्हणून तो ओगर पुलावर उताणा पडून राहिला आणि बाकीच्यांनी त्याचा निकाल लावला. खाली आई विचारत आली होती की वर काय कोसळले. खासबागेत निकाली कुस्तीला जो आवाज होतो, त्याचा एक तुकडा त्या रात्री आपल्या माडीवर झाला होता.

नव्या पोथीत ही जोड लागतच नाही. पकड हा आता नि:शस्त्र प्रहाराचा एक प्रकार झाला आहे. तू फासा टाकायचाच नाहीस. तुझा एक ठरीव आकडा असतो, आठ अधिक ताकद अधिक प्रावीण्य, म्हणजे बुटक्याचा पंधरा. समोरच्याने ताकदीचा किंवा चपळाईचा, जो त्याला सोयीचा तो बचावाचा फासा टाकायचा. पंधरा गाठले की सुटला, नाही तर धरला गेला. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. त्याच ओगरला जुन्या नियमाने तू शंभरात साधारण बासष्ट वेळा धरला असतास. नव्या नियमाने बरोबर पन्नास. दहा वर्षे जोर-बैठका काढून कमावलेले तुझे ॲथलेटिक्स पकडीच्या क्षणी मोजलेच जात नाही. ते कामाला येते फक्त दुसऱ्याच्या मिठीतून सुटताना. तालमीत पोराला सुटण्याचे डाव शिकवले आणि धरण्याचे शिकवलेच नाहीत, तर वस्तादाला गावातले लोक काय म्हणतील?

आकड्यांतला फरक मी एक वेळ सोडून देईन. मला खुपते ते दुसरेच. कुस्तीत दोघांनी एकमेकांच्या मनगटाला हात घातलेला असतो आणि पुढच्या क्षणी कोण वर आणि कोण खाली हे दोघांनाही माहीत नसते. दोन फासे एकदम टाकण्यात तो क्षण होता. आता धरणारा हात बांधून बसतो आणि धरला जाणारा एकटाच फासा टाकतो. ही मला कुस्ती न वाटता पावती फाडल्यासारखी वाटते.

बरे, कुस्तीची गरजही नव्या पोथीने कमी करून ठेवली आहे. शस्त्रांना आता ‘मास्टरी’ नावाचे गुण आले आहेत, आणि लढवय्याला पहिल्या लेव्हलपासून ते वापरता येतात. तुझ्या हातोड्याचा गुण ‘पुश’. घाव लागला की ओगरएवढ्या किंवा त्याहून लहान कोणालाही दहा फूट सरळ मागे ढकलता येते, बचाव नाही, काही नाही. तोच पूल, तोच ओगर, आणि एक बरा घाव बसला की तो नदीत. काकांनी हे वाचल्यावर पुस्तक मिटले आणि म्हणाले, ‘मग एवढं बळ कशाला कमवायचं?’ पण खरे सांगायचे तर लढवय्यांच्या खेळाडूंना हा बदल अतिशय आवडला आहे आणि मलाही आवडला आहे. पूर्वी जादूगार पाच मिनिटे विचार करायचा आणि लढवय्या म्हणायचा, ‘मारतो.’ आता त्यालाही विचार करावा लागतो. मात्र ज्यांच्या शस्त्रात ‘टॉपल’ हा आडवे पाडण्याचा गुण आहे, त्यांच्या प्रत्येक घावाला मला शत्रूच्या वतीने एकेक बचाव टाकावा लागतो. दोन घाव मारणारे दोघे टेबलावर बसले की रात्री साडेदहाला संपणारी लढाई अकराच्या पुढे जाते.

बाकीचे बदल भराभर सांगतो. जखम भरण्याचा मंत्र दुपटीने जोरदार झाला आहे, आणि औषधाची कुपी आता बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, पिता येते, जे आपण कितीतरी वर्षांपासून आपल्या मनाने करतच होतो. थकव्याचे गुंतागुंतीचे कोष्टक जाऊन त्या जागी सरळ वजाबाकी आली आहे, ही मोठीच सोय झाली. पॅलाडिनचा, म्हणजे धर्मयोद्ध्याचा, दैवी प्रहार आता मंत्र झाला असून तो एका पाळीत एकदाच करता येतो. वकिलाने पुस्तक आपटले ते याच पानावर. माझ्या मते हा बदल योग्य आहे, कारण मी महिनाभर उभा केलेला खलनायक त्याने एकाच पाळीत दोन प्रहारांत झोपवल्याचे मी विसरलेलो नाही. याउलट, छाप्यात सापडलेल्याची पहिली पाळी पूर्वी वाया जायची. आता त्याला फक्त क्रम ठरवताना दोन फाशांतला लहान आकडा धरावा लागतो. पन्हाळ्याच्या सावलीत राहून गनिमी काव्याची किंमत अशी उतरलेली मला पाहवत नाही, पण खेळाडूच छाप्यात सापडतात तेव्हा तेच या नियमाचे गुण गातात.

अर्धएल्फ, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा एल्फ, गेला, हेही तुला सांगायला हवे. ‘वंश’ हा शब्द काढून पोथीत ‘प्रजाती’ आली आहे, त्या दहा आहेत, आणि त्यांत अर्धएल्फ आणि अर्धऑर्क नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीने सहा वर्षे अर्धएल्फ सांभाळली होती. ती म्हणाली, ‘आई कोकणातली, बाबा देशावरचे, मग मी कोण ते पण हेच ठरवणार का?’ जुन्या पुस्तकातली प्रजाती चालवायला मुभा आहे, म्हणून तिचे पात्र मी तसेच ठेवले, पण तिचा राग गेलेला नाही आणि मला तो रास्त वाटतो. ताकद, चपळाई वगैरेंची वाढ आता प्रजातीवरून न मिळता पार्श्वभूमीवरून मिळते, म्हणजे तू बुटका आहेस म्हणून काटक न ठरता पूर्वी काय काम करत होतास यावरून ठरतोस. हे मला पटले. पार्श्वभूमी सोळा आहेत आणि तिथेच पहिल्या लेव्हलला एक फीट, म्हणजे खास कसब, तेही मिळते.

मांडणी मात्र सुधारली आहे, हे विरोधकही मानतात. पाने ३२० होती ती ३८४ झाली, पण आधी खेळ कसा चालतो ते सांगून मग पात्र घडवायला घेतले आहे, आणि शेवटी सगळ्या संज्ञांचा कोश दिला आहे. पूर्वी पकडीचा नियम शोधताना मी लढाईचे सबंध प्रकरण चाळत असे. आता कोशात सापडतो. सापडल्यावर रागच येतो, ही गोष्ट वेगळी.

एवढे सगळे लिहूनही गेल्या रविवारची हकीकत सांगितली नाही तर मी एकतर्फी बोललो असे होईल. आपल्याकडे एक नवी मुलगी येते, विद्यापीठात शिकते, आणि तिचे पात्र मंक आहे, म्हणजे हातापायांनी लढणारा साधक, अंगाने काडी. बाजारातून एक चोर हिच्या शेजारून पळाला. जुन्या नियमाने पळणाऱ्यावर संधी साधून घाव घालता आला असता, धरता आले नसते. नव्या नियमाने पकड हा प्रहारच असल्यामुळे त्या संधीतही धरता येते, आणि मंकला पकडीचा आकडा ताकदीऐवजी चपळाईवरून काढता येतो. ती शांतपणे म्हणाली, ‘वस्ताद, मी ह्याची मान धरते.’ मी फासा टाकला, सात पडले, चोर जागच्या जागी थांबला. सगळे टेबल ओरडले. मी काकांकडे पाहिले तर तेही हसत होते. मातीत कितीतरी किलोंनी भारी पैलवानाला हलक्या पोराने चपळाईवर लोळवल्याचे आपण दोघांनी पाहिले आहे, आणि जुन्या पोथीत त्या पोराला जागाच नव्हती, हे मला त्या क्षणी कबूल करावे लागले.

तेव्हा माझा बेत असा आहे. टेबल नव्या पोथीवर चालवायचे. पळता माणूस, बाजारातला चोर, गर्दीतला पहारेकरी यांना नव्या नियमाने धरायचे. पण दोघे समोरासमोर उभे राहून सलामी देतील तेव्हा दोन फासे एकदम पडतील, आणि ॲथलेटिक्स पूर्ण मोजले जाईल. मंकने तिथे चपळाई वापरायला माझी हरकत नाही. वकील म्हणतो की हे दोन कायदे एकाच गावात लागू करणे आहे. मी म्हटले, असू दे, गाव आपले आहे.

पोथी तू लगेच घेऊ नकोस. मोफत मसुदा वाच. माझ्या पुस्तकातल्या सोळा पार्श्वभूमींपैकी बुटक्यासाठी मला शेतकरी योग्य वाटतो, त्यात ताकद आणि काटकपणा दोन्ही वाढवता येतात आणि वर ‘टफ’ ही फीट मिळते, म्हणजे दर लेव्हलला दोन जादा हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याचे गुण. पात्राचा नवा कागद भरून पुढच्या रविवारच्या आत पाठव. फोन मी खिडकीपाशी लावून ठेवतो, तिथे रेंज चांगली येते. तुझा लाल फासा माझ्याच डब्यात आहे, तुझ्या वतीने धाकटी टाकेल.

ओगरचा थोरला भाऊ गेल्या आठवड्यात त्या पुलावर येऊन बसला आहे आणि बुटक्याची चौकशी करतो आहे. हातोड्याने त्याला नदीत ढकलायचे की धरायचे, एवढे आधी कळव, म्हणजे मला माझा फासा काढून ठेवता येईल.

तुझा,
वस्ताद