रुग्ण ५०, नोंदणी ३० खाटांची

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील परिचारिकांच्या स्पर्धा परीक्षेवरचा लेख काल रात्रपाळी संपवून घरी आल्यावर वाचला. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झालेल्या ज्या मुलीची त्यात मुलाखत आहे, तिचे मनापासून अभिनंदन. तिच्या यशाविषयी माझ्या मनात कसलाही किंतु नाही. परंतु लेखकाने त्या मुलाखतीवरून जो निष्कर्ष काढला आहे, की पदविकाधारक परिचारिका या परीक्षेत मागे पडतात कारण नोकरी लागली की त्यांची अभ्यासाची सवय सुटते, तो वाचून काल दिवसभर मला झोप लागली नाही. आज सुट्टी आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

लेखात पात्रता एका ओळीत आटोपली आहे: 'जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग', म्हणजे नर्सिंगची पदविका किंवा पदवी. या दोघींसाठी दार सारखेच उघडे आहे, असा वाचकाचा समज होतो आणि तो चुकीचा आहे. बी.एस्सी. झालेल्या मुलीला परिचर्या परिषदेची नोंदणी मिळताच अर्ज करता येतो. जीएनएम झालेल्या मुलीला मात्र पदविकेनंतर दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील असावा लागतो. लेखकाला हा किरकोळ तपशील वाटला असावा. माझ्या आयुष्याची तीन वर्षे याच तपशिलात गेली आहेत, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

नोंदणी हातात पडल्यावर लगेच, जानेवारी २०१९ मध्ये, मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात रुजू झाले. वय २१, पगार ९ हजार रुपये, तोही पाकिटात रोख. तळमजल्यावर ओपीडी आणि पाच खाटांचा अतिदक्षता विभाग, वरच्या दोन मजल्यांवर जनरल वॉर्ड आणि खोल्या. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढले की जिन्याच्या वळणावरसुद्धा खाट पडत असे. रात्रपाळी पुढच्या पाळीला सोपवतानाच्या, म्हणजे ओव्हरच्या वहीत ४६, ४९, ५२ असे रुग्णसंख्येचे आकडे मी माझ्या हाताने लिहिलेले आहेत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, आम्ही खाटा मोजायचे सोडून दिले होते. फक्त ऑक्सिजनचे सिलिंडर मोजत होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे रात्री साऱ्या इमारतीत नोंदणीकृत परिचारिका मी एकटी, आणि मदतीला नोंदणी नसलेल्या दोन मुली व एक मावशी.

त्याच वर्षाच्या अखेरीस मी नॉरसेटचा अर्ज भरायला बसले आणि अनुभवाचा दाखला मागितला. तेथील मॅनेजर वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी त्याच दिवशी दाखला टाइप करून सही-शिक्क्यासह दिला, वर्तणूक उत्तम असल्याचेही लिहिले. खाटांची संख्या मात्र त्यात नव्हती. तेवढी घालून द्या, अशी विनंती केल्यावर ते मला खाली स्वागतकक्षात घेऊन गेले आणि गणपतीच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलेले नर्सिंग होम नोंदणीचे प्रमाणपत्र त्यांनी मला दाखवले. त्यावर खाटांची संख्या ३० होती. "सिस्टर, मी ५० लिहून दिले आणि उद्या कोणी तपासले, तर तुमची निवड रद्द होईल आणि आमची नोंदणीही धोक्यात येईल," असे ते म्हणाले, आणि त्यात काही खोटे नव्हते. जवळजवळ तीन वर्षे मी त्या प्रमाणपत्रासमोरून दिवसातून चार वेळा ये-जा केली होती, पण ते एकदाही वाचले नव्हते. नर्सिंग शाळेत आम्हाला औषधाची बाटली तीनदा वाचायला शिकवले होते. ज्या रुग्णालयात नोकरी धरायची, त्याचे नोंदणीपत्र वाचायला कोणी शिकवले नव्हते.

पैसे मोजले की मोठ्या रुग्णालयाचा दाखला मिळतो, असे मला दोघांनी सांगितले. मी तो घेतला नाही. त्याऐवजी नोकरी सोडून लातूर शहरात, ५० हून अधिक खाटांची नोंदणी असलेल्या रुग्णालयात रुजू झाले, या वेळी प्रमाणपत्र आधी वाचून. दोन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली. पहिली नॉरसेट २०२० मध्ये झाली. मला पहिला अर्ज भरता आला तो २०२४ मध्ये. आता मी २८ वर्षांची आहे, खुल्या प्रवर्गात आहे, आणि वयोमर्यादा ३० आहे. माझ्यासोबत बारावी झालेली आणि बी.एस्सी.ला गेलेली माझी मैत्रीण वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिली परीक्षा देऊन बसली होती. तिच्या आणि माझ्या अभ्यासाच्या सवयीत त्या वयात काहीच फरक नव्हता. फरक फीचा होता, बी.एस्सी.ची खासगी महाविद्यालयाची फी आमच्या घराला झेपण्यासारखी नव्हती. पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे पदविकेनंतरची दोन वर्षांची पदवी, करून ही अट ओलांडता येते, असे कोणी सुचवेल. ती दोन वर्षे पगाराशिवाय काढायची असतात, आणि माझ्या पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे.

भिंतीवरच्या त्या ३० च्या आकड्याने पगारातही माझे नुकसान केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनासाठी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, १०० ते २०० खाटांमध्ये फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान रुग्णालयात किमान २० हजार रुपये. म्हणजे रुग्ण ५२ असले आणि कागदावर खाटा ३० असल्या, तर माझा अनुभव लहान रुग्णालयाचा ठरतो आणि वेतनाची शिफारसही सर्वांत खालची लागू होते. ती सर्वांत खालची शिफारसही मला कधी मिळाली नाही, हे वर सांगितलेच आहे. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. आम्ही या परीक्षेच्या मागे का लागतो, हे लेखकाने एवढ्यावरून समजून घ्यावे.

आता लेखात दिलेल्या, रोज आठ तास अभ्यास करण्याच्या सल्ल्याविषयी. माझी रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी असते, पण पुढच्या पाळीची परिचारिका येऊन तिला ओव्हर देईपर्यंत नऊ वाजतात. घरी येऊन आंघोळ, स्वयंपाक, आईची औषधे, आणि मग दुपारी चार-साडेचारपर्यंत झोप. जागे झाल्यापासून निघेपर्यंत जे अडीच तास उरतात, तो माझा अभ्यास. वॉर्डात मध्यरात्री दोनच्या नोंदी झाल्यानंतर आणि पहाटे चारच्या इंजेक्शनांआधी कधी कधी अर्धा तास मिळतो; तेव्हा मी औषधांचे डोस पाठ करते. पूर्व परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि चुकलेल्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण कापला जातो. लातूरहून रात्रीच्या बसने पुण्याच्या केंद्रावर जाऊन, आदल्या आठवड्याची रात्रपाळी अंगात असताना, तो वेग गाठणे किती कठीण असते ते मी दोनदा अनुभवले आहे. दोन्ही वेळा मी पूर्व परीक्षेतच बाद झाले. त्याचा दोष मी कोणावर ढकलत नाही. सामान्यज्ञान आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत मी कच्ची आहे, आणि ते मला सुधारायचे आहे.

परंतु परिचर्येच्या प्रश्नांतही माझे गुण गेले, आणि त्याचे कारण लेखकाच्या कल्पनेपेक्षा वेगळे आहे. परीक्षेत अनेकदा विचारतात की परिचारिकेने सर्वांत आधी काय करावे. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून ताप भरला, तर आधी रक्त थांबवायचे, मग नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचे. हे मला पुस्तकातून पक्के माहीत होते. मात्र मी ज्या रुग्णालयात घडले, तेथे डॉक्टरांना फोन केल्याशिवाय परिचारिकेने काहीही बंद करायचे नाही, अशी ताकीद होती. जैववैद्यकीय कचऱ्याचे तसेच: सलाईनचे सेट लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात, हे २०१६ च्या नियमांनुसार मला शिकवलेले होते, आणि तीन वर्षे माझ्यासमोर सर्व काही एकाच पिशवीत जात होते. परीक्षागृहात ५४ सेकंदांत हात सवयीकडे जातो. ज्या अनुभवाची अट आमच्यावर घातली आहे, तो अनुभव आम्हाला कुठे आणि कसा मिळतो, हे अट घालणाऱ्यांनी कधी तरी येऊन पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच संदर्भात आपल्या वृत्तपत्राविषयीही एक तक्रार आहे. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर छोट्या जाहिरातींमध्ये 'दहावी पास मुलींसाठी सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी' अशी जाहिरात छापली आहे. सहा महिन्यांत कोणीही नोंदणीकृत परिचारिका होत नाही. बारावीनंतर किमान तीन वर्षांचा जीएनएम करावा लागतो, आणि एएनएम ही दोन वर्षांची साहाय्यक परिचारिकेची पदविकासुद्धा बारावीनंतरच होते. त्या सहा महिन्यांच्या मुली आमच्यासारख्या रुग्णालयांत येतात, त्यांना पांढरा कोट मिळतो, रुग्ण त्यांनाही सिस्टर म्हणतात, आणि त्यांनी दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची जबाबदारी रात्रीच्या एकमेव नोंदणीकृत परिचारिकेवर येते. माझ्यासोबतच्या त्या दोन्ही मुली मेहनती आणि प्रेमळ होत्या. त्यांच्या आईवडिलांनी अशाच जाहिराती वाचून पैसे भरले होते. अशा जाहिराती घेण्यापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, एवढे आपण विचारू शकाल.

पात्रतेची अट बदलणे आपल्या हातात नाही, हे मला समजते. अनुभव मोजताना खाटांऐवजी नोंदणीनंतर केलेल्या कामाची वर्षे धरावीत, किंवा पदवी आणि पदविका दोघींनाही एकच अट लावावी, असे माझे मत आहे. ते योग्य ठिकाणी पोहोचेल तेव्हा पोहोचो. तोवर आपण एवढे तरी करावे, की पुढच्या वेळी या परीक्षेवर लेख छापताना ५० खाटांची अट चौकटीत ठळक द्यावी. जीएनएमच्या शेवटच्या वर्षातील मुलींनी पहिली नोकरी धरण्याआधी स्वागतकक्षातील नोंदणीपत्रावरचा खाटांचा आकडा वाचावा, नेमणुकीचे पत्र लेखी मागावे, त्यावर रुजू झाल्याची तारीख लिहून घ्यावी आणि पगार बँकेतच घ्यावा. हे मला २०१९ मध्ये कोणी सांगितले असते, तर मी चार परीक्षा तरी अधिक देऊ शकले असते.

पत्र छापल्यास कृपया माझे नाव देऊ नये. पुढच्या अर्जासाठी मला आताच्या रुग्णालयाकडून दाखला घ्यायचा आहे.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, लातूर