राणीछाप रुपये मोडीत घालण्याआधी

प्रिय विनायक,

तुझं पत्र काल मिळालं. आजीच्या डब्यातले चांदीचे रुपये मोडून समया करून घ्यायच्या असं तू लिहिलंस, आणि मला राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. समया हव्या असतील तर जरूर कर, पण त्या मुशीत कोणती नाणी जाणार आहेत ते आधी नीट पाहू या. सराफ वजन आणि कस बघणार. न झिजलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा, मग तो सर्रास मिळणारा असो की शोधून न सापडणारा. दुर्मीळपणा ठशात असतो, आणि तो काट्यावर दिसत नाही.

‘बहुतेक १८६२ चेच आहेत, त्यामुळे खास काही नसावं,’ असं तू म्हणतोस. मला तर आधी तेच बघायचे आहेत! १८६२ हा आकडा पुढे १८७४ चा रुपया येईपर्यंत तसाच छापत राहिले. म्हणजे एकाच सालाखाली कितीतरी वर्षांची नाणी दडलेली आहेत. मुंबईच्या टांकसाळीच्या रुपयांवर सालाखाली बारीक ठिपके सापडतात, काहींवर वरच्या बाजूलाही. कोणत्या वर्षी पाडलं ते कळावं म्हणून ही खूण होती, असं संग्राहक मानतात. खाली किती, वर किती, याच्या जोड्या लावत बसायचं. काही जोड्या ढिगाने मिळतात, तर काहींसाठी लोक वर्षानुवर्षं डबे चाळतात. शिवाय राणीच्या पोशाखाच्या पुढच्या पट्टीची नक्षी आणि मागच्या बाजूच्या वेलबुट्टीची ठेवणही ठशागणिक बदलते.

ठिपका बघण्याची एक रीत आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे आणि उजेड वरून न पाडता बाजूने, तिरका पाड. खरा ठिपका गोल आणि उठावाचा दिसतो, त्याला स्वतःची छोटी सावली असते आणि भोवतीचा पृष्ठभाग सपाट राहतो. ठशाचा टवका उडाला असेल तर उठाव वेडावाकडा येतो. नाणं नंतर कुठे आपटलं असेल तर खड्डा पडतो आणि त्याच्या कडेला चांदी सरकलेली दिसते. आणि हो, रांगोळी, चिंच, पॉलिश काही लावू नकोस. त्या काळसर थराखाली मूळ पृष्ठभाग शाबूत असतो. एकदा घासला की बारीक ठिपके जातात आणि नाण्याची रयाही जाते.

१८४० चे रुपये असतील तर राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं बघ. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ हे शब्द डोक्यावरून सलग गेले असतील तर तो आधीचा प्रकार. डोक्याच्या दोन बाजूंना एकेक शब्द असेल तर नंतरचा. हेही साल १८६२ पर्यंत गोठलेलंच होतं. मागच्या बाजूला पानांची माळ आहे, तिच्यातली बारीक फळं मोजायची. त्यांच्या संख्येवरून पोटप्रकार ठरतात. डोळे दुखतात, पण मला या कामाइतका आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया सापडला तर लगेच बाजूला ठेव. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. १९१२ पासून सोंड नीट केली. तुझ्याकडे त्या पुढच्या सालांचेही असतील, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून हत्ती बघ.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा मात्र सापडला तरी हुरळून जाऊ नकोस. तो इतका दुर्मीळ आहे की त्याच्या नकला फार होतात. शेवटच्या ९ च्या भोवती खरवडल्याच्या रेषा आहेत का, त्या आकड्याची जाडी बाकीच्यांशी जुळते का, हे बघ. किनारीवरच्या खाचांमधून साच्याची सांधरेषा गेलेली असेल तर ते नाणं ओतीव, म्हणजे खोटंच. वजनही कर. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, ते समयांसाठीही वेगळे काढावे लागतील.

माळेतून काढलेले काही असतील, कडीच्या जागी टाका दिसेल. संग्राहक त्यांना कमी लेखतात. मी मात्र तेही तपासतो, कारण टाका किनारीवर असतो आणि सालाखालचे ठिपके बहुधा शाबूत राहतात.

आता एवढं कर. सालवार ढीग लाव, प्रत्येक नाणं कडेने धर आणि १८६२ च्या रुपयांच्या मागच्या बाजूचे तिरक्या उजेडात जवळून फोटो काढून पाठव. कोणते ठेवायचे ते मी कळवतो. तोवर सराफाला थांबायला सांग.

तुझा,
श्रीधर